डिजिटल फोटोग्राफी शिकायचीय: पुस्तक कुठलं घ्यावं, क्लास कुठला लावावा? (नाशिक)

गोदातीर

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते. भाऊ परदेशी जाताना त्याचा डीएसएलआर माझ्याकडे ठेवून गेलाय. क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा) आहे, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबरच येते ती. आजवर ऑटोवर ठेवूनच फोटो काढत आलेय, आता नीट शिकायचंय. व्यवसाय करायचा नाही. आपला घाट, जुने वाडे, घरची माणसं यांचे फोटो मनासारखे यावेत, एवढीच इच्छा आहे. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, तोवर हात बसला तर फारच आनंद होईल.

अडचण अशी की सुरुवात कुठून करायची ते ठरत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला क्लासच्या पाट्या दिसतात. कुणी दोन दिवसांचं वर्कशॉप म्हणतं, कुणी तीन महिन्यांचा शनिवार-रविवारचा कोर्स, आणि सगळेच सर्टिफिकेट देतात. पुस्तकांचं म्हणाल तर ऑनलाइन यादी संपत नाही. मराठीत काही चांगलं आहे का? आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर पुस्तक, क्लास की नवी लेन्स?

सिडकोकर

ताई, लेन्स आत्ता अजिबात घेऊ नका. १८-५५ मध्ये रुंद दृश्यही येतं आणि चेहराही येतो. सहा महिने तीच वापरा. त्यानंतर कुठल्या ठिकाणी ती कमी पडते हे तुमचं तुम्हालाच कळेल, आणि मग घेतलेली लेन्स कपाटात पडून राहणार नाही.

मी लग्नाच्या ऑर्डरी करतो. आमच्या धंद्यात कुणी पुस्तक वाचून आलेलं नाही. एखाद्या सिनिअरबरोबर लाइट धरायला उभं राहायचं, तो काय करतो ते बघायचं. हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, सगळीकडे उजेड वेगळा आणि दुसरी संधी नाही. त्या घाईत जे शिकता ते डोक्यातून जात नाही. पुस्तकापेक्षा हे बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रकाशवाट

सिडकोकर, लेन्सबद्दल पूर्ण सहमत. पुस्तकाबद्दल नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सिनिअरच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्या हॉलमध्ये, त्या फ्लॅशवर उत्तम काम करतो. त्याला सोमेश्वरच्या धबधब्यापाशी उभं केलं की सेटिंग कुठून सुरू करायचं ते सुचत नाही, कारण आकडे पाठ आहेत आणि आकड्यांमागचं कारण कुणी सांगितलेलं नाही. पुस्तक कारण सांगतं. शांतपणे, चार वेळा वाचता येईल असं.

उदाहरणार्थ अॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या भोकाचे, आकडे घ्या. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. विद्यार्थी ते पाढ्यासारखे घोकतात. खरं तर हा साधा भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिमी लेन्स एफ/२ वर असेल तर व्यास २५ मिमी. एफ/२.८ ला तो जवळपास १८ मिमी होतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून एवढ्या फरकाने उजेड निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक पायरीला उजेड अर्धा. शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते, तेही तसंच, १/१२५ सेकंदावरून १/२५० ला गेलात की अर्धा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, १०० वरून २०० केलात की फोटोचा उजळपणा दुप्पट. तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येतात, म्हणून एक कमी केली की दुसरी तेवढीच वाढवायची. हे एकदा उमगलं की मॅन्युअल मोडची भीती निघून जाते.

हे सगळ्यात सोप्या रीतीने समजावणारं पुस्तक माझ्या मते ब्रायन पीटरसन यांचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर'. एक्स्पोजर म्हणजे फोटोसाठी एकूण किती उजेड घ्यायचा ते. पहिली आवृत्ती १९९० ची, म्हणजे फिल्मच्या काळातली, पण पुढच्या आवृत्त्यांत डिजिटल आलं आहे. अमुक फोटोला हे अॅपर्चर का, हे ते दर वेळी सांगतात. इंग्रजी सोपं आहे.

वाचनखुंटी

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून लिहिते.

गोदातीर ताई, दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आलं की आधी एक गोष्ट बघा. फोटोखाली नुसते आकडे छापलेत की त्या आकड्यांची कारणंही दिलीत? नुसते आकडे असतील तर पुस्तक ठेवून द्या. त्याच जागी, त्याच वेळी तुम्ही कधीच उभ्या राहणार नाही, मग त्या आकड्यांचा उपयोग काय?

दुसरं, पुस्तक जुनं आहे म्हणून बाजूला सारू नका. मराठीत या विषयावर मिळणारी बरीचशी जुनी पुस्तकं रोलच्या काळातली आहेत. त्यातलं डार्करूम आणि केमिकलचं प्रकरण सोडून द्या, पण उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, चौकटीत काय ठेवायचं आणि काय काढायचं, हा भाग आजही जसाच्या तसा लागू पडतो. उलट दहा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअरवरचं पुस्तक आज वाचलंत तर निम्मे मेनू सापडणार नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर व्हिडिओवरून शिका, उजेड पुस्तकातून.

स्कॉट केल्बी यांच्या 'द डिजिटल फोटोग्राफी बुक'चा पहिला भाग २००६ चा. एका पानावर एकच युक्ती, सिद्धान्त जवळजवळ नाही. ज्यांना लगेच काहीतरी करून बघायचंय त्यांना आवडतं. पण प्रकाशवाट सर म्हणतात ते 'का' त्यात मिळत नाही, त्यामुळे एकच घ्यायचं तर मी ते घेणार नाही. मायकेल फ्रीमन यांचं २००७ चं 'द फोटोग्राफर्स आय' फार सुंदर आहे, रचनेवर आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून जड जाईल. एक्स्पोजर हातात बसल्यावर घ्या.

आणि कॅमेऱ्याचं मॅन्युअल! कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा नंबर टाकला की पीडीएफ फुकट मिळतं. कुठलं बटण कुठे आहे यासाठी पैसे देऊन पुस्तक घ्यायची गरज नाही.

विकत घेण्याआधी सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. १८४० पासूनची संस्था आहे आपली. कलाविभागाची कपाटं स्वतः चाळायला मिळाली तर अर्धा दिवस काढून जा. तिथे किंवा कुठेही गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' दिसलं तर आधी फोटोच बघत बसा. प्रत्येक चेहऱ्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. तो ठिपका वर आहे की बाजूला, गोल आहे की चौकोनी, यावरून दिवा किंवा खिडकी कुठे होती ते ओळखता येतं. असं बघायला लागलात की घरातली माणसं खिडकीजवळ कुठे बसवायची ते हळूहळू कळू लागतं.

गंगापूररोड_कॉलेजवाला

माझ्याकडे कॅमेराच नाही, मोबाइल आहे. मोबाइलवर शिकणं हे खरं शिकणं मानायचं का? आणि फुकट काही आहे का? क्लासची फी परवडणारी नाही.

प्रकाशवाट

मानायचं, नक्की मानायचं. फक्त एक मर्यादा लक्षात ठेव. बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर कायमचं ठरलेलं असतं. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ बदलता येतात, ते दोन तिथे पक्के कर. चौकट आणि उजेड यांना तर कुठलाच कॅमेरा चालतो. अॅपर्चर मित्राचा कॅमेरा हातात आला की शिकशील.

फुकट म्हणशील तर मार्क लेव्हॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते हा विषय शिकवायचे, मग २०१६ मध्ये गूगलमध्ये शिकवला आणि ती सगळी व्याख्यानं सर्वांसाठी नेटवर खुली ठेवली. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये अनेक फोटो जोडून एक फोटो करण्याचं जे तंत्र आलं, त्यामागे हेच गृहस्थ होते. थोडं गणित आहे त्यात, घाबरू नकोस. अडलं तर इथे विचार, मी सांगेन.

सिडकोकर

सर, तुमचं भागाकाराचं उदाहरण पटलं. आमच्या पोरांना हे असं कुणी सांगत नाही हे खरं आहे. पण मग क्लास कशाला लावायचा? पुस्तक आहे, व्याख्यानं आहेत.

नांदूरचा_शेकाट्या

क्लास यासाठी लावायचा की तुमचा फोटो कुणीतरी बघावा. पुस्तक सगळं सांगतं, पण तुम्ही काढलेला फोटो ते बघू शकत नाही. घरचे बघतात, 'छान आहे' म्हणतात. ग्रुपवर टाकला की अंगठे येतात. "ही फांदी माणसाच्या डोक्यातून उगवलीय", "क्षितिज डावीकडे उतरलंय", "इथे दोन पावलं पुढे का गेला नाहीस?" असं तोंडावर सांगणारं माणूस मिळणं दुर्मीळ. क्लासची फी त्या माणसासाठी द्यायची. बाकी सगळं आज फुकट मिळतं.

म्हणून ताई, क्लासमध्ये चौकशीला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: विद्यार्थ्यांचे फोटो पडद्यावर लावून त्यावर बोलता का, आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती वेळ येतो? सर स्वतःचे बक्षीस मिळालेले फोटो दाखवतील. ते बघा, पण मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी काढलेले फोटो मागा. ते दाखवायला खळखळ केली तर समजून जा. बॅचमध्ये माणसं किती? तीस जणांच्या बॅचमध्ये तुमचा फोटो बघायला कुणाला फुरसत? वर्गात किती तास आणि बाहेर किती, हेही विचारा. बाहेरच्या दिवशी गाडीभाडं, प्रवेश फी वेगळी की फीमध्येच? पुढचा 'अॅडव्हान्स' कोर्स लावल्याशिवाय हे मिळणार नाही, ते मिळणार नाही, असं आहे का? आधी एक तास बसून बघायची मुभा देतात का?

दोन दिवसांच्या वर्कशॉपबद्दल माझं मत सांगतो. दोन दिवसांत माहिती मिळते. पण फोटो काढून आणणं, त्यावर बोलणी खाणं, पुन्हा जाऊन काढणं, या फेऱ्या दोन दिवसांत बसत नाहीत. शिकणं त्या फेऱ्यांमध्ये होतं. म्हणून आठवड्यातून एकदा असणारा, लांबलेला क्लास नवशिक्याला जास्त उपयोगी.

सर्टिफिकेटचा विचार करूच नका. पुढे काम करायचं ठरलं तरी समोरचा माणूस फोटो बघतो.

गोदातीर

केवढं छान लिहिताय सगळे. वहीत उतरवून घेतेय. नांदूरमध्यमेश्वरला नेणाऱ्या एका क्लासची जाहिरात पाहिली होती, बर्ड फोटोग्राफीची. सुरुवातीलाच तो लावला तर?

नांदूरचा_शेकाट्या

नको, आणि हे मी नांदूरच्या प्रेमात असलेला माणूस म्हणून सांगतोय. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात चक्रवाक, चित्रबलाक, हळदी-कुंकू बदकं, शेकाटे बघावेत तितके थोडे. पण ५५ मिमीवर त्यातला प्रत्येक पक्षी मोहरीएवढा येईल. मग तुम्हाला लांब लेन्स भाड्याने घ्यायला सांगतील, ती हातात तोलताना थरथरणार, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागणार, फोकस सतत पळवत ठेवायचा. नवशिक्याने एवढ्या सगळ्याशी एकदम झुंजलं की फोटो येत नाहीत आणि मन खट्टू होतं. आणखी एक भीती वाटते. फोटोच्या हट्टाने लोक पाण्यापर्यंत जातात आणि थवा उठवतात.

पहिल्या हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर नुसती दुर्बीण घेऊन या. पक्षी कसा वागतो, उडण्याआधी काय करतो, ते बघा. दुसऱ्या वर्षी कॅमेरा आणा.

प्रकाशवाट

पक्ष्यांपेक्षा गावातच इतकं शिकायला आहे! क्लास लावा वा न लावा, हे करून बघा.

काळाराम मंदिराची भिंत बाहेरून घ्या. काळा दगड फोटोत राखाडी, फिका दिसेल. कारण कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. त्याला सांगावं लागतं की हे खरोखर काळं आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचं माप कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर न्या, दगड काळा होईल. मग घाटावर वाळत घातलेली पांढरी धोतरं घ्या. ती मळकट दिसतील, तिथे अधिक एक. एका सकाळी हे दोन फोटो काढलेत की मीटरिंगचं अख्खं प्रकरण झालं.

सोमेश्वरला पावसाळ्यानंतर पाणी असताना जा. १/१००० ला थेंब गोठतात, १/४ ला पाण्याची तलम धार होते. दुसऱ्या फोटोला ट्रायपॉड हवा, आणि ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघा, नाहीतर फोटो पांढराफटक पडेल. खडक निसरडे असतात, काठावर जाऊ नका.

भांडी बाजारात पितळेवर ऊन पडलं की तो भाग पूर्ण जळतो, तिथे तपशील उरत नाही. तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, बघायला शिका आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. रॉमध्ये सेन्सरने टिपलेली माहिती जास्त टिकते, नंतर थोडं सावरता येतं. पूर्ण जळालेलं मात्र रॉमध्येही परत येत नाही.

दुपारी बारा वाजता मीटरकडे न बघता एक प्रयोग करा. स्वच्छ उन्हात एफ/१६, आयएसओ १००, शटर १/१००. फोटो नीट येईल. फिल्मच्या काळात लोक याच हिशोबावर काम करत.

आणि आपल्या त्र्यंबकेश्वरचे फाळके! १८७० चा जन्म, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ टाकला. सिनेमाला पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावून त्याच्या वाढीचे फोटो रोज थोडे थोडे टिपले आणि ते सलग चालवून दाखवले. आज त्याला टाइमलॅप्स म्हणतात. गॅलरीत मेथी पेरा आणि कॅमेरा न हलवता हेच करा. स्थिर चौकट आणि स्थिर एक्स्पोजर यांचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पंचवटीकर

मुलांनो, मी इथे क्वचित लिहिते. आमचं घर रामकुंडापासून जवळ. एक विनंती आहे.

रोज सकाळी कॅमेरेवाले येतात. येऊ देत, घाट सगळ्यांचा आहे. पण रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात. कुणाची आई गेलेली असते, कुणाचं लेकरू. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरलेला मी बघते तेव्हा जीव तुटतो. बायका अंघोळ करून ओलेत्यानं बाहेर येतात, त्यांचेही फोटो काढतात. गोदातीर, तू ज्या क्लासला जाशील तिथे विचार की माणसांचे फोटो काढताना काय पाळायचं हे शिकवता का. शिकवत नसतील तर बाकीचं कितीही चांगलं असू दे, जाऊ नकोस.

बुधवारच्या बाजारात मात्र खुशाल जा. भाजीवाल्या मावशीशी आधी चार शब्द बोल, पावशेर मिरच्या घे, मग विचार. ती स्वतःच पदर नीट करून बसेल. आणि काढलेला फोटो पुढच्या बुधवारी छापून नेऊन दे.

सिडकोकर

पंचवटीकर आजी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लग्नातही पाठवणीच्या वेळी आम्ही दोन पावलं मागे जातो. हे क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवं.

ताई, अजून एक कामाची गोष्ट. देवळाली कॅम्पात लष्कराची हद्द आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. तिथे पाट्या असतात, कॅमेरा पिशवीतून काढूच नका. रंगपंचमीला रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदापाशी, जाणार असाल तर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर लावा. पाण्यापेक्षा तो रंग लेन्सच्या कडेला बसला की निघत नाही. आणि घाटावर पहाटे एकट्या जाऊ नका, कुणीतरी सोबत असू द्या.

वाचनखुंटी

मुंबईला जाणं जमणार असेल तर फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाचीही चौकशी करा. १९३७ पासूनची आहे, आणि तिथे सभासदांच्या फोटोंवर चर्चा होते. पुण्यात एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) ही छोट्या मुदतीचे कोर्स घेतं. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण दर आठवड्याला ते झेपेल का याचा विचार करा. मला विचाराल तर आधी नाशिकमध्येच बघा.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं.

तर ठरलं असं: 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर' वाचनालयात विचारते, नाही मिळालं तर विकत घेते. लेन्स नाही. बर्ड क्लास नाही. तीन महिन्यांचे दोन क्लास आहेत, दोन्हीकडे जाऊन शेकाट्या दादांचे प्रश्न विचारते, आणि जिथे विद्यार्थ्यांचे फोटो पडद्यावर लावतात आणि बॅच लहान आहे तिथे नाव घालते. माणसांच्या फोटोंबद्दलही विचारेनच.

एक शंका उरलीय. क्लास सुरू होईपर्यंत माझे फोटो कुणाला दाखवू?

प्रकाशवाट

इथेच टाका. महिन्यातून एकदा प्रत्येकाने एकच फोटो टाकायचा, सोबत अॅपर्चर, शटर, आयएसओ आणि तो फोटो का काढला हे दोन ओळींत. बाकीच्यांनी नुसतं 'छान' लिहायचं नाही. पहिला विषय: काळा दगड. कॉलेजवाल्या, तूही टाक, मोबाइलचा चालेल.

गंगापूररोड_कॉलेजवाला

टाकतो सर. शनिवारी सकाळी काळाराम मंदिराकडे जातोय, कुणी येणार असेल तर सांगा.

सिडकोकर

शनिवारी माझी ऑर्डर संध्याकाळची आहे, सकाळी सातला पूर्व दरवाज्यापाशी येतो. ताई, तुम्हीही भावाचा कॅमेरा घेऊन या. बॅटरी रात्रीच चार्जिंगला लावा आणि कार्ड रिकामं करून आणा.